लेखक गेला, गोष्ट अर्धीच राहिली

सोळा-सतराव्या वर्षी एक कादंबरी हाती येते आणि तिचं वेड लागतं. दर दोन-तीन वर्षांनी पुढचा खंड येतो. तोवर आपलं कॉलेज संपतं, नोकरी लागते, लग्न होतं. पण त्या पात्रांची सोबत सुटत नाही. आता शेवटचा एकच खंड यायचा असतो आणि एके दिवशी बातमी येते, की लेखक गेला. डोळ्यांत पाणी येतं. घरात कुणाला सांगावं, तर समोरून प्रश्न येतो, ‘तो तुझा कोण लागत होता?’

१६ सप्टेंबर २००७ रोजी असा अनुभव जगभरातल्या असंख्य वाचकांनी घेतला. त्या दिवशी रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकी लेखकाचं वयाच्या ५८ व्या वर्षी निधन झालं. त्यांचं खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. व्हिएतनाम युद्धात लढलेला सैनिक, मग पदार्थविज्ञानाचा पदवीधर, नौदलासाठी काम करणारा अणुअभियंता आणि त्यानंतर पूर्णवेळ लेखक, असा त्यांचा प्रवास. त्यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या अद्भुतरम्य कादंबरीमालेचा पहिला खंड १९९० मध्ये आला, अकरावा २००५ मध्ये. काळ सरळ रेषेत न जाता चाकासारखा फिरतो, ही तिची मूळ कल्पना आपल्या युगचक्राच्या कल्पनेशी जवळचं नातं सांगणारी. बारावा खंड शेवटचा, असं जॉर्डन यांनी ठरवलं होतं. तो लिहून होण्याआधीच ते गेले.

हृदय ताठर करणारा आजार

आपल्याला ‘अमायलॉइडोसिस’ झाल्याचं जॉर्डन यांनी मार्च २००६ मध्ये स्वतःच वाचकांना कळवलं होतं. हा आजार दुर्मीळ आहे. त्यांना झालेल्या प्रकारात अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडांचे सदोष तुकडे तयार करत राहतात. या प्रथिनांची घडी चुकीची पडते, त्यांचे न विरघळणारे तंतू बनतात आणि ते अवयवांमध्ये साचत जातात. जॉर्डन यांच्या हृदयात ते साचले होते. अशा हृदयाच्या भिंती जाड आणि ताठर होतात. हृदय नीट सैल पडत नाही, त्यामुळे ते पुरेसं भरत नाही आणि पुढे पुरेसं रक्तही ढकलू शकत नाही.

धाप लागणं, पावलांवर सूज, सतत थकवा, उभं राहिल्यावर चक्कर, फेसाळ लघवी, हातापायांना मुंग्या ही याची लक्षणं. यातलं प्रत्येक लक्षण इतर अनेक साध्या आजारांतही दिसतं आणि म्हणूनच निदानाला उशीर होतो. इकोमध्ये हृदयाच्या भिंती जाड दिसतात, पण ईसीजीच्या लहरी मात्र लहान येतात, ही विसंगती डॉक्टरांना सावध करते. खात्री होते ती बायोप्सीने. जॉर्डन यांनी मेयो क्लिनिकमध्ये उपचार घेतले. तेव्हा केमोथेरपी आणि स्वतःच्याच मूलपेशींचं प्रत्यारोपण हा मुख्य मार्ग होता. आता बिघडलेल्या प्लाझ्मा पेशींना नेमकं लक्ष्य करणारी औषधंही आहेत. तरीही हृदयावर परिणाम होण्याआधी निदान होणं, हेच आजही सर्वांत महत्त्वाचं.

ओळख नसलेल्या माणसाचं दुःख

ज्याला आपण कधी भेटलो नाही, त्याच्या जाण्याने एवढं का लागावं? डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्ये रेडिओ-टीव्हीवरच्या व्यक्तींशी जुळणाऱ्या एकतर्फी नात्याचं वर्णन केलं. समोरची व्यक्ती आपल्याला ओळखत नसते, पण तिचा आवाज रोज कानावर पडून ती आपल्या ओळखीची होते. पुस्तकांचंही तसंच आहे. एखाद्या लेखकाची हजारो पानं वाचणं म्हणजे शेकडो तास त्याच्या बोलण्याच्या लयीत राहणं. इतका वेळ आपण कित्येक नातेवाइकांसोबतही काढत नाही. म्हणून तो गेल्यावर येणारं दुःख खोटं नसतं.

अडचण अशी, की या दुःखाला समाजात जागा नाही. ना कुणी भेटायला येत, ना कुणी सुट्टी देत. ज्या दुःखाला इतरांची मान्यता मिळत नाही, त्याचा विचार केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडला. पाळीव प्राण्याचं जाणं किंवा घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यूही याच प्रकारात मोडतो. मान्यता नसली की माणूस दुःख तर करतोच, शिवाय आपण दुःख करतोय याची त्याला लाजही वाटते.

त्यात अपराधीपणाही मिसळतो. जॉर्डन यांचे मधले काही खंड रेंगाळले, कथानक पुढे सरकत नाही, अशी तक्रार वाचक वर्षानुवर्षं करत होते. ‘कधी संपवणार?’ असं कुरकुरत विचारलेल्या प्रश्नाचं, लेखक गेल्यावर ओझं होतं. पण ती कुरकुरही त्या ओढीपोटीच होती, हे स्वतःला सांगायला हवं.

अपूर्णतेची ठसठस

इथे दुःख दुहेरी असतं. माणूस गेला हे एक आणि गोष्ट अर्धी राहिली हे दुसरं. १९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये काही प्रयोग केले. मध्येच थांबवलेली कामं पूर्ण केलेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं त्यांना आढळलं. पुढच्या अभ्यासांत हा निष्कर्ष तितकासा टिकला नाही. मात्र त्यांच्या सहकारी मारिया ओव्सियांकिना यांनी १९२८ मध्ये दाखवलेली गोष्ट जास्त पक्की ठरली : अर्धवट सुटलेलं काम पुन्हा हाती घेण्याची माणसाला ओढ असते, कुणी सांगितलं नाही तरी. वाचक जुने खंड पुन्हा काढतात, शेवट काय असेल यावर रात्र-रात्र वाद घालतात, त्यामागे हीच ओढ असावी.

जॉर्डन यांना ती जाणवली असणार. अखेरच्या आठवड्यांत त्यांनी कथेचा शेवट घरच्यांना तोंडी सांगितला आणि तो ध्वनिमुद्रित करून ठेवला गेला. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने जॉर्डन यांना वाहिलेली आदरांजली त्यांनी वाचली आणि उरलेलं काम त्याच्यावर सोपवलं. तो स्वतः या मालेचा लहानपणापासूनचा वाचक. एका खंडाचे तीन झाले आणि शेवटचा जानेवारी २०१३ मध्ये आला. त्याचं अखेरचं दृश्य जॉर्डन यांनीच लिहून ठेवलेलं होतं.

टेरी प्रॅचेट या ब्रिटिश लेखकाच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. अल्झायमर्सच्या एका प्रकाराने २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार, अपुरं लेखन असलेली हार्ड डिस्क २०१७ मध्ये वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. वाचक हळहळले, पण वाट पाहणं संपलं. दोन्ही ठिकाणी वाचकांना उत्तर मिळालं, एकीकडे ‘हो’, दुसरीकडे ‘नाही’. मनाला सर्वांत जास्त थकवते ती अनिश्चितता.

मग करायचं काय?

सर्वांत आधी, हे दुःख आहे असं मान्य करा. ‘एवढं काय त्यात’ असं स्वतःला दटावू नका. त्याच पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या एखाद्याशी बोला. तिथे स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. शेवट कसा झाला असता, हे स्वतःसाठी चार ओळींत लिहून पाहा. पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटलं तर वाचा, नकोसं वाटलं तर काही महिने कपाटात राहू द्या. दुःखाकडे जाणं आणि त्यापासून थोडं दूर होणं, अशी ये-जा करतच माणूस सावरतो, असं शोकाचे अभ्यासक सांगतात.

बहुतेकांचं हे दुःख हळूहळू ओसरतं. मात्र काही वेळा लेखकाच्या निमित्ताने जुनी जखम उघडी पडते. ती पुस्तकं वडिलांनी आणून दिलेली असतात किंवा आजारपणात त्यांचाच आधार असतो. झोप आणि जेवण बिघडलं, कामात मन लागेना आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं. सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि घरात कुणी पुस्तक छातीशी धरून गप्प बसलेलं दिसलं, तर ‘तो तुझा कोण?’ असं विचारू नका. ‘गोष्ट कुठवर आली होती?’ असं विचारा आणि थोडा वेळ काढून ऐका.