पाडव्याचे पान आणि पहिला घास

दीपावलीच्या पाडव्याचे पान मांडले आहे. भोवती रांगोळी, उदबत्तीचा दरवळ, देवाला नैवेद्य दाखवून झालेला. चित्राहुती घालून वडीलधारे आपोशन घेतात, मुलेबाळे एका स्वरात श्लोक म्हणतात आणि मगच पहिला घास मुखी जातो. क्षण अल्प खरा. परंतु सणाचे सारे सार त्यात साठवलेले असते.

कार्तिक शुद्ध प्रतिपदेच्या अन्नकूटाची कथा श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, २४ व्या अध्यायात आली आहे. नंदादी गोप इंद्रयागाच्या सिद्धतेत असता बाळकृष्णाने सांगितले, की ज्या गाईंवर आणि ज्या गिरीवर आपली उपजीविका चालते, त्यांचे पूजन करा. शिजविलेले अन्न श्वानापर्यंत सर्वांस यथायोग्य वाटा. दूरच्या इंद्राआधी जवळच्या दात्याचे स्मरण, हाच या कथेचा इत्यर्थ होय. देवांनी दिलेले त्यांना न अर्पिता भोगणारा तो चोरच, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही भगवंतांनी बजावले आहे.

हे निरूपण आम्ही कीर्तनात वर्षानुवर्षे करीत आलो. परंतु त्याचा अर्थ आम्हांस आमच्याच नातीने शिकविला. काही वर्षांपूर्वी पाडव्याला आम्ही खड्या आवाजात श्लोक म्हटला आणि पहिल्याच घासाला, ‘आमटी अळणी झाली आहे,’ असे त्रासिकपणे बोलून गेलो. पहाटेपासून राबणाऱ्या सूनबाईंनी मान खाली घातली. नात मात्र म्हणाली, ‘आजोबा, आत्ताच तर तुम्ही हात जोडलेत. मग आईला का रागावलात?’

अन्नाची निंदा करू नये, हे तैत्तिरीय उपनिषदातील व्रत आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो. त्या दिवशी आम्ही निरुत्तर झालो. मीठ मागून घेता आले असते.

तेव्हापासून आमच्या घरी श्लोकानंतर धान्य पिकविणाऱ्यास व रांधणाऱ्या हातांस नमस्कार होतो. सूनबाईंचे पान पहिल्याच पंगतीत मांडले जाते आणि वाढण्याचे काम आम्ही व चिरंजीव करतो. पहिल्या वर्षी आमच्या हातून कढी सांडली. सारे मनमुराद हसले, सूनबाईही हसल्या.

वाचकहो, यंदा पाडव्याला हात जोडाल, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराकडेही एकवार पाहा. तेथे कोणी तिष्ठत असेल, तर आधी त्या माउलीचे पान मांडा आणि मगच पहिला घास घ्या.