कचेरी हलली, धूर कुठे गेला?

बेंगळुरूत कब्बन पार्कला लागून लाल रंगाची ‘अठरा कचेरी’ आहे. आज तिथे उच्च न्यायालय भरतं. म्हैसूर सरकारची अठरा खाती इथे होती, म्हणून हे नाव. मराठी माणसाला ते उलगडून सांगावं लागत नाही. 1956 मध्ये समोर विधिमंडळाची इमारत, विधानसौध, बांधून झाली आणि सचिवालय रस्ता ओलांडून तिकडे गेलं. हवेला त्याचा पत्ताही लागला नसेल.

पण कचेरी दहा-पंधरा किलोमीटर हलली की गणित बदलतं. तिचा धूर इमारतीतून नव्हे, तिथे येणाऱ्यांच्या गाड्यांतून निघतो. जुन्या जागी नायट्रोजन डायऑक्साइड पटकन उतरतो, कारण रस्त्यापासून काहीशे मीटरांतच तो बराच विरतो. पीएम 2.5 मात्र हट्टी. केसाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे हे कण वाऱ्याबरोबर शहरभर फिरतात. एक कचेरी गेल्याचा फरक त्यांत जेमतेम दिसतो. शिवाय नव्या जागी मेट्रो नसेल, तर बसने येणारा कारकून दुचाकी काढतो आणि शहराचा एकूण धूर वाढतो. विधानसौधापाशी मात्र 2016 पासून भुयारी मेट्रो थांबते.

याहून दूरचं उदाहरण बेळगावचं. तिथला सुवर्ण विधानसौध 2012 मध्ये खुला झाला. हिवाळी अधिवेशनासाठी राजधानीतून गाड्या निघतात, त्या सुमारे पाचशे किलोमीटर धावतात.