न ऐकलेलं भाषण

15 मार्च 2020 च्या रविवारी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर यायचे होते. आधी ठरलं, प्रेक्षकांविना खेळवू. मग सामनाच पुढे ढकलला आणि तो कधी झालाच नाही. पाच दिवसांनी, 20 मार्चला, फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी गेले. वय 83. रविवारी जनता कर्फ्यू लागला आणि त्याच आठवड्यात देशाला कुलूप पडलं.

कोलकात्यात फुटबॉलपटू गेला की त्याची शेवटची वाट बहुधा मैदानावरून जाते. क्लबच्या कचेरीला तिथे आजही तंबूच म्हणतात. त्या तंबूत पार्थिव ठेवतात, अंगावर ईस्ट बंगालचा लाल-सोनेरी किंवा मोहन बागानचा हिरवा-मरून झेंडा पांघरतात. रांगेतला म्हातारा अमुक सालचा तमुक गोल पुटपुटतो आणि पुढे सरकतो. त्या आठवड्यात मात्र गर्दीचीच धास्ती होती. 30 एप्रिलला चुनी गोस्वामी गेले तेव्हा तर घराबाहेर पडायचीही सोय नव्हती. सहा आठवड्यांत भारतीय फुटबॉलची दोन माणसं गेली आणि ज्या शहराला शोकसुद्धा आरडाओरडा करून साजरा करायची सवय, ते दारं लावून बसलं होतं. उरलं ते बोलणं. प्रदीपदांच्या बाबतीत तेही शोभून दिसलं, कारण त्यांची निम्मी कीर्ती बोलण्याचीच आहे.

मराठी घरांत त्यांचं नाव पोचलं ते उशिरा, 2024 मध्ये आलेल्या 'मैदान' चित्रपटातून. प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या त्या गोष्टीत उजव्या बगलेवरून धावणारा पीके, म्हणजे प्रदीपदाच, आहे, चुनी आहे, तुलसीदास बलराम आहे. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मूळ गोव्याचा, खेळायचा मुंबईत. त्या संघात वीस वर्षांचा पीके होता. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तोच कर्णधार, आणि फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी झाली त्यातला भारताचा गोल त्याचाच.

1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना मात्र जरा थांबून पाहायला हवा. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी वगळलं, त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी जाहीर बोलले आणि सगळं शहर भारतीयांवर उलटलं. स्टेडियमवर लाखाच्या घरातले प्रेक्षक हुर्यो उडवत होते. जर्नेलसिंग मूळचा बचावपटू. डोक्याला टाके पडलेले, म्हणून त्याला पुढे आघाडीवर उभा केलेला. मधल्या फळीत मुंबईच्या टाटा स्पोर्ट्सचा गोवेकर फोर्तुनातो फ्रँको. 17 व्या मिनिटाला पीकेनं गोल मारला, तीनच मिनिटांनी जर्नेलनं. दक्षिण कोरिया 2-1 नं हरला. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर भारताला मिळालेलं नाही.

पीके एवढा मोठा खेळाडू, पण मोहन बागान किंवा ईस्ट बंगालची जर्सी त्यानं खेळाडू म्हणून कधीच घातली नाही. जलपायगुडीकडे जन्म, जमशेदपुरात वाढ. कोलकात्यात आला तो 1954 मध्ये एरियन क्लबकडे, आणि लगेच ईस्टर्न रेल्वेत चिकटला. घरची जबाबदारी अंगावर होती आणि रेल्वेची नोकरी पक्की होती. बारा वर्षं तिथेच काढली. 1958 मध्ये त्या रेल्वेच्या संघानं कलकत्ता लीग जिंकली. त्यानंतर बड्या क्लबांखेरीज कुणी ती जिंकायला 2019 साल उजाडावं लागलं. तेव्हा पीअरलेसनं जिंकली.

मला वाटतं, पुढचं सगळं यातून निघालं. बंगालात माणूस जन्मतः घोटी (मूळ पश्चिम बंगालचा) किंवा बांगाल (पूर्व बंगालातून आलेल्यांतला) असतो, कोळंबीवाला किंवा हिलसावाला असतो, आणि त्याप्रमाणे त्याचा क्लब ठरलेला असतो. खेळाडूनं क्लब बदलला तर लोक त्याला वर्षानुवर्षं टोमणे मारतात. प्रदीपदांवर खेळाडू म्हणून कुणाचाच शिक्का नव्हता. त्यामुळे ते प्रशिक्षक होऊन एकदा इकडे, एकदा तिकडे गेले तरी त्यांना गद्दार म्हणावं असं कुणाला फारसं वाटलं नाही.

1972 मध्ये ते ईस्ट बंगालकडे आले. त्या वर्षीच्या लीगमध्ये संघानं एकही गोल खाल्ला नाही. मुंबईत कूपरेजवर त्याच वर्षीचा रोव्हर्स करंडक दोन्ही कोलकातेकरांना वाटून घ्यावा लागला. मग 30 सप्टेंबर 1975 ची आयएफए शील्ड फायनल. मैदान मोहन बागानचं. पाचव्या मिनिटाला सुरजित सेनगुप्तानं पहिला गोल केला, मध्यंतराला 3-0, शेवटी 5-0. श्याम थापानं दोन गोल केले आणि एक पेनल्टी वाया घालवली. बागानवाले आजही म्हणतात, नाहीतर सहा झाले असते, देवानं वाचवलं. थट्टा इथपर्यंत. बागानच्या एका तरुण चाहत्यानं त्या पराभवानंतर जीव दिला, हेही त्याच दिवसाच्या हिशेबात आहे, आणि 5-0 च्या गोष्टी रंगवणाऱ्यांनी ते गाळू नये.

पुढच्याच वर्षी प्रदीपदा मोहन बागानच्या तंबूत. 1976 च्या लीगमधल्या डर्बीत अकबरनं सतराव्या सेकंदाला गोल केला; बरेच लोक अजून जागा शोधत होते. 24 सप्टेंबर 1977 ला ईडन गार्डन्सवर पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस आला आणि बागाननं त्यांना 2-2 वर रोखलं. गोल हबीब आणि आता बागानकडे आलेल्या थापाचे, पेलेला चिकटून राहण्याचं काम गौतम सरकारकडे. त्या मोसमात शील्ड, ड्युरंड आणि रोव्हर्स असे तीन करंडक बागाननं आणले.

आता त्या बोलण्याकडे येऊ. कोलकाता त्याला 'व्होकल टॉनिक' म्हणतं. सामन्याआधी ड्रेसिंग रूमचं दार लागायचं, आत वीस-बावीस जण, आणि प्रदीपदा सुरू. खेळाडूंनी पुढे सांगितलेल्या तुकड्यांतून ते आपल्यापर्यंत आलंय: जर्सी म्हणजे आई, तिचा अपमान होतोय आणि तू बसून राहणार? कुणाला गोंजारायचं, कुणाला नेमकं दुखतं तिथे टोचायचं. मोठमोठे गडी डोळे पुसत मैदानात उतरायचे म्हणतात. गंमत अशी की स्टँडमधल्या माणसानं यातला एक शब्दही ऐकलेला नाही. तरी चहाच्या टपरीवर तो ते भाषण हातवारे करून, प्रदीपदांच्या आवाजात, सबंध म्हणून दाखवतो. त्यांच्या खेळाचं चित्रण जवळपास नाहीच. जाकार्ताचा गोल किती जणांनी पाहिला असेल? भाषण मात्र सगळ्यांना पाठ.

चाहत्यांचं हे प्रेम थोडं अन्यायकारक आहे, असं माझं मत. माणूस नुसता शब्दांवर जिंकत नसतो. प्रदीपदा 1969 मध्ये जपानला जाऊन जर्मन गुरू डेटमार क्रामर यांच्या हाताखाली फिफाचा प्रशिक्षण अभ्यासक्रम करून आले होते. पुढच्याच वर्षी बँकॉकला भारतानं कांस्य मिळवलं तेव्हा प्रशिक्षणाची धुरा सांभाळणाऱ्यांत ते होते. नव्वदच्या दशकात जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत त्यांनी पोरं घडवली. मोहन बागाननं टाकून दिलेल्या सुभाष भौमिकला 1973 मध्ये ईस्ट बंगालमध्ये त्यांनी पुन्हा उभं केलं, ते काही एका दुपारच्या भाषणानं झालं नाही. त्यामागे रोजची मेहनत होती. टॉनिक लागू पडायला आधी पोटात अन्न असावं लागतं. पण सराव आठवायला कंटाळवाणा, आणि भाषण सांगायला झकास.

13 जुलै 1997 नं तर या दंतकथेवर कायमची मोहर उठवली. फेडरेशन कपची उपांत्य फेरी, सॉल्ट लेकवर 1,31,000 हून जास्त माणूस. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या 'डायमंड' रचनेनं आधीच्या फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सवर सहा गोल चढवले होते. दत्तबाबूंची जीभ सैल सुटली: ईस्ट बंगालचा ओमोलो म्हणजे ऑम्लेट, सोसो म्हणजे शशा, म्हणजे काकडी, आणि बायचुंग म्हणजे चुंगचुंग. ईस्ट बंगालच्या बाकावर प्रदीपदा. त्यांना वेगळा मसाला वाटायची गरजच उरली नाही. चुंगचुंगनं तीन गोल मारले, ईस्ट बंगाल 4-1. त्या बंद दाराआड काय झालं याच्या निदान दहा आवृत्त्या तरी कोलकात्यात फिरत असतील, आणि प्रत्येक सांगणाऱ्याला आपलीच खरी वाटते. दत्तबाबू 2016 मध्ये गेले. दोघांचं भांडण चाहत्यांनी पुढे चालू ठेवलं.

सांगणारे मात्र घटत चाललेत. भौमिक जानेवारी 2022 मध्ये गेले, सुरजित सेनगुप्ता फेब्रुवारीत. बलराम 2023 मध्ये. पीके, चुनी, बलराम हे त्रिकूट संपलं. भौमिक पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. 2003 मध्ये ईस्ट बंगालनं आसियान क्लब चषक जिंकला तो त्यांच्या हाताखाली, आणि तोही जाकार्तात. गुरूनं जिथे सुवर्ण मिळवलं त्याच गावी शिष्याचा करंडक, हा योग टपरीवाल्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नाही.

ती हुकलेली डर्बी नव्या रूपात झाली 27 नोव्हेंबर 2020 ला, वास्कोच्या टिळक मैदानावर. रिकाम्या खुर्च्यांसमोर बागान 2-0 नं जिंकला आणि कोलकात्यातली घरं मात्र दूरदर्शन संचासमोर घसा खरवडत होती. 23 जून हा प्रदीपदांचा जन्मदिवस; अखिल भारतीय फुटबॉल महासंघ तो ग्रासरूट्स दिन म्हणून पाळतो, लहान मुलामुलींना त्या दिवशी चेंडू देतात. मोठी माणसं त्या दिवशीही एकच वाद घालतात: प्रदीपदांचं सगळ्यात मोठं वर्ष कोणतं? लाल-सोनेरीवाले म्हणतात 75, हिरवा-मरूनवाले म्हणतात 77. रेल्वेतला एखादा पेन्शनर 58 म्हणतो, पण त्याचं ऐकतंय कोण!