माणूस गेल्यावर आतडं काय सांगतं?

यंदाच्या कार्यक्रमाच्या निधीतला एक वाटा पोटाच्या विकारांवरच्या संशोधनाला द्यायचा असं ठरलं, तेव्हा बैठकीत एका ज्येष्ठ काकांनी सरळ विचारलं, "माणूस गेल्यावर त्याचं आतडं तपासून कुणाला काय मिळणार? जिवंतपणी तपासा की!" प्रश्न रास्त होता. बटाटेवडे गार होईपर्यंत चर्चा चालली आणि उत्तर नीट लिहून काढायचं काम आमच्या गळ्यात पडलं.

आतडं म्हटलं की आपल्याला पचन आठवतं. पण खाण्यापिण्याबरोबर रोज किती जंतू पोटात जातात याचा विचार केला, तर तिथे पहारा असणार हे उघड आहे. हा पहारा लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात ठिकठिकाणी, लंबगोल चकत्यांच्या रूपात बसलेला असतो. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या योहान कोनराड पायर या डॉक्टरने १६७७ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना 'पायर्स पॅचेस' म्हणतात. तो त्यांना पाचकरस सोडणाऱ्या ग्रंथी समजत होता. चुकला, पण नाव मात्र त्याचंच राहिलं.

या चकत्यांवरच्या काही खास पेशी आतड्यात आलेल्या मालातून नमुने उचलतात आणि आत पाठवतात. आत प्रतिकारपेशींच्या गोल गोल वसाहती असतात. त्यांच्या मधोमध एक प्रकारची तालीमच चालते: कुठला जंतू कसा ओळखायचा ते पेशी शिकतात, शिकलेल्या पेशी रक्तातून फिरून पुन्हा आतड्याच्या अस्तरात येऊन बसतात आणि तिथे प्रतिपिंडं सोडतात.

मग हे जिवंतपणी का बघता येत नाही? थोडं येतं. कोलोनोस्कोपीची नळी लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचते आणि तिथून डाळीच्या दाण्यापेक्षाही लहान तुकडा काढता येतो. पण आतडं कित्येक मीटर लांब. एका तुकड्यावरून सगळ्याचा अंदाज करायचा म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि इथे भात सगळीकडे सारखा शिजलेला नसतो! वरच्या भागात चकत्या लहान आणि विरळ, खालच्या टोकाकडे मोठ्या आणि दाट. रक्त तपासावं म्हटलं, तर शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी साधारण दोन टक्केच रक्तात फिरत असतात. बाकीच्या आपापल्या ठाण्यावर बसलेल्या. तेव्हा अख्खं आतडं उघडून बघायचं, तर ते माणूस गेल्यावरच.

आपल्या वडीलधाऱ्यांना 'मुदतीचा ताप' आठवत असेल. एकवीस दिवस पेज, अंथरुणातून उठायचं नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात घरादाराचा जीव टांगणीला. का, तर त्याच सुमाराला आतड्याला भोक पडण्याची भीती. या तापाचं खरं घर कुठे आहे ते शवविच्छेदनानेच दाखवलं. पॅरिसमध्ये पिएर लुई यांनी तापाने गेलेल्या रुग्णांची आतडी बारकाईने तपासली आणि १८२९ साली लिहिलं की सुजलेल्या, व्रण पडलेल्या जागा म्हणजे नेमक्या याच चकत्या. टायफॉइडचा जंतू पहारेकऱ्यांच्या चौकीतूनच आत शिरतो! पुढे १८५० च्या आसपास लंडनला विल्यम जेनर यांनी याच खुणेवरून टायफॉइड आणि टायफस हे दोन वेगळे आजार असल्याचं दाखवून दिलं. तोवर डॉक्टरसुद्धा दोन्हींची गल्लत करत. आता त्यावर चांगली लस आहे, आणि २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने ती आपल्या हद्दीतल्या मुलांना द्यायला सुरुवात केली.

दुसरं उदाहरण इथलंच. जे. एस. कॉर्न्स या डॉक्टरने शवविच्छेदनात मिळालेली लहान आतडी उघडून त्यांतल्या चकत्या अक्षरशः मोजल्या. जन्माआधीच्या बाळांपासून नव्वदी ओलांडलेल्यांपर्यंत. १९६५ साली 'गट' या ब्रिटिश नियतकालिकात ही मोजदाद आली. बाळ पोटात असतानाच चकत्या तयार होतात, वयात येईपर्यंत त्यांची संख्या सव्वादोनशेच्या वर जाते आणि नव्वदीत शंभराच्या आसपास उरते. साठ वर्षं झाली तरी याच आकड्यांचा आधार घेतला जातो, कारण इतकी चिकाटी पुन्हा फारशी कुणी दाखवली नाही.

या कामातला खरा शत्रू म्हणजे वेळ. मृत्यूनंतर सगळ्यात आधी बिघडणाऱ्या अवयवांत आतडं येतं. त्यातलेच पाचकरस आणि जंतू अस्तर खायला लागतात. काही तासांत वरचा थर सुटायला लागतो आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली आजार कुठला आणि कुजणं कुठलं ते सांगता येत नाही. म्हणून शरीर लगेच थंड ठेवतात. आतड्याचा पडदा जिथे चिकटलेला असतो त्या बाजूने आतडं उभं उघडतात, कारण चकत्या समोरच्या बाजूला असतात आणि त्यांवर कात्री चालवायची नसते. हलक्या हाताने धुऊन तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, मग मेणात बसवून त्यांचे केसाहूनही पातळ काप काढतात. अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठात २०१७ पासून 'लास्ट गिफ्ट' नावाचा अभ्यास झाला. एचआयव्ही असलेले आणि दुसऱ्या एखाद्या आजाराने शेवटाला आलेले लोक स्वतः त्यात नाव नोंदवत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नमुने घ्यायचे असा नेम. औषधांनी दबलेला विषाणू शरीरात, आतड्यातसुद्धा, कुठे दडून बसतो ते त्यातून शोधलं गेलं.

आणि करोना. २०२० मध्ये आपल्यातल्या कितीजणांनी अंत्यदर्शन संगणकाच्या पडद्यावर घेतलं ते सांगायला नको. तशाच काळात लंडनमध्ये करोनाने गेलेल्यांच्या आतड्याचे नमुने जपले गेले. किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी ते तपासले आणि २०२२ साली निष्कर्ष छापले. पायरच्या चकत्यांमधल्या त्या तालमी सुकून गेल्या होत्या, आणि आतड्यात विषाणू सापडत नव्हता तिथेही तेच. म्हणजे फुप्फुसाचा म्हटला जाणारा आजार आतड्यातल्या पहाऱ्यापर्यंत पोचला होता. हे नमुने थोडेच होते आणि सगळे अतिशय आजारी माणसांचे, तेव्हा घरी बऱ्या झालेल्यांना हे लागू करू नये. पण तेवढं तरी कळलं ते ज्यांनी संमती दिली त्यांच्यामुळे.

आता संमतीचं. इथे आपल्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये मे २०२० पासून 'नको' असं नोंदवलं नसेल तर मोठ्या माणसाची अवयवदानाला संमती गृहीत धरतात. ही गृहीत संमती फक्त प्रत्यारोपणासाठी, संशोधनासाठी नाही. मेडिकल कॉलेजला देहदान ही तिसरीच गोष्ट: त्यासाठी २००४ च्या ह्यूमन टिश्यू कायद्याप्रमाणे स्वतः हयात असताना, साक्षीदारासमोर लेखी संमती द्यावी लागते. ती मागाहून मुलं देऊ शकत नाहीत. संशोधनासाठी मृत्यूनंतर नमुने द्यायचे असतील तर आपण आधी सांगून ठेवू शकतो, आणि नसेल सांगितलं तर जवळच्या नातेवाइकांना विचारतात. कॉरोनरच्या आदेशाने होणाऱ्या शवविच्छेदनाला कुटुंबाची परवानगी लागत नाही, पण त्यातला तुकडा संशोधनासाठी ठेवायला मात्र लागते. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.) लिव्हरपूलच्या एका मुलांच्या इस्पितळात आईबापांना न सांगता अवयव ठेवून घेतल्याचं १९९९ साली उघड झालं, त्या संतापातून हा कायदा आला. त्यामुळे विचारणारे आता खूप जपून विचारतात.

काकांचा शेवटचा प्रश्न अंत्यविधीचा होता. नमुने घेतल्यावर आतडं परत बसवून शरीर शिवतात, कपडे घातल्यावर काही दिसत नाही. दहनाला बहुधा उशीरही होत नाही, इथे स्मशानाची तारीख मिळायलाच एकदोन आठवडे जातात. उरलेल्या नमुन्याचं पुढे काय करायचं, परत हवा की इस्पितळाने विल्हेवाट लावायची, हे घरच्यांना विचारून लिहून घेतात. काकांनी सगळं ऐकलं, "आमच्या हिला आधी सांगायला हवं," म्हणाले, आणि गार झालेला वडा उचलला.