शाळेची निवड आणि पालकांचा वाटा

शैक्षणिक वर्षाच्या आरंभी शिक्षक पटनोंदणीसाठी घरोघर जातात, तेव्हा पूर्वी क्वचितच ऐकू येणारा एक प्रश्न आता त्यांच्यापुढे येतो. मुलाला शाळेत घालावे की नाही, हा तो प्रश्न नव्हे. कोणत्या शाळेत घालावे, हा तो प्रश्न होय. गावात जिल्हा परिषदेची शाळा असते, आणि सात-आठ किलोमीटरवरील बाजारगावी फी घेणारी इंग्रजी माध्यमाची शाळा असते. तिची गाडी रोज सकाळी वेशीपर्यंत येते. पालक दोहोंची तुलना करतो व निर्णय घेतो. हा निर्णय कशाच्या आधारे होतो, तो डोळसपणे व्हावा म्हणून शिक्षकाला काय करता येईल, आणि प्रवेशानंतर पालकांचा वाटा कोणता, याचा विचार येथे केला आहे.

सक्तीकडून निवडीकडे

महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभला व 1906 मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढे 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन ग्रामीण प्राथमिक शाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. 2002 च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि त्यासाठी 2009 मध्ये झालेला कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला.

एके काळी ज्या पालकाला शाळेकडे वळविण्यासाठी दंडाचा धाक घालावा लागे, त्याच पालकाचा नातू आज मजुरीच्या पैशांतून मुलाची फी भरतो. मुलाला दुसऱ्या शाळेत नेणारा पालक शिक्षणाचा शत्रू नव्हे. शतकभराच्या लोकशिक्षणाचे तो फळ आहे. त्याच्यावर रुष्ट होण्याने काही साधत नाही. त्याने कशावरून निवड केली, हे समजून घेणे मात्र फार उपयोगाचे आहे.

पालकाला काय दिसते

गणवेश, बूट, गाडी, इंग्रजी पाटी आणि घरी पाठ म्हणून दाखविलेली इंग्रजी कविता, एवढे पालकाच्या दृष्टीस पडते. मूल अनोळखी उतारा समजून वाचते काय, हातच्याची वजाबाकी का करावी लागते हे त्याला उमगले आहे काय, हे त्याला दिसत नाही. अक्षरओळख नसलेल्या पालकाला तर ते पडताळून पाहण्याचे साधनच नसते. जे दिसते त्यावरून माणूस निर्णय करणार. त्यात त्याचा दोष नाही.

फी दिल्याने अधिक शिक्षण मिळते काय, याची एक मोठी पाहणी आंध्र प्रदेशात 2008 पासून चार वर्षे चालली. पाच जिल्ह्यांतील 180 गावांत ही पाहणी झाली. इच्छुक कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून काही मुलांचा खाजगी शाळेचा खर्च उचलण्यात आला. चार वर्षांअखेर तेलुगू व गणित या विषयांत ही मुले सरकारी शाळांतील मुलांहून सरस आढळली नाहीत. तेथील सरकारी प्राथमिक शाळांत न शिकविल्या जाणाऱ्या हिंदीत मात्र ती पुढे होती. यावरून गावच्या शाळेने समाधान मानावे असे नाही. त्या खाजगी शाळांचा दर मुलामागील खर्च सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे फी भरल्याने वाचन-गणित आपोआप सुधारत नाही हे जसे खरे, तसेच अधिक खर्च करूनही सरकारी शाळा पुढे गेल्या नाहीत, हेही खरे.

पालकांचा ओढा स्थिर नाही, हेही ध्यानी घ्यावे. असर या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील सहा ते चौदा वयोगटाची सरकारी शाळांतील पटनोंदणी 2018 मध्ये 65.6 टक्के होती. करोनाच्या साथीनंतर 2022 मध्ये ती 72.9 टक्क्यांवर गेली व 2024 मध्ये 66.8 टक्क्यांवर उतरली. अडचणीच्या काळात पुष्कळ कुटुंबे गावच्या शाळेकडे परतली होती. ती संधी सर्वत्र टिकविता आली नाही.

शिक्षकाने काय सांगावे, काय दाखवावे

प्रथम, माहिती खरी व पुरी द्यावी. महाराष्ट्रातील मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जातो, हे अनेक पालकांना आजही ठाऊक नसते. ज्या भाषेत मूल घरी प्रश्न विचारते, त्या भाषेत ते विषय लवकर समजते. म्हणूनच शक्य तेथवर माध्यम मातृभाषा असावे, असे 2009 चा कायदाही म्हणतो. मात्र इंग्रजीची इच्छा करणाऱ्या पालकाला नावे ठेवू नयेत. त्याची इच्छा रास्त आहे. आपल्या वर्गात इंग्रजी उत्तम शिकवून तिला उत्तर द्यावे. विनाअनुदानित खाजगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखलेल्या असतात, हेही पालकाने विचारल्यास लपवू नये. पट राखण्यासाठी पालकाचा हक्क झाकून ठेवणारा शिक्षक गावाचा विश्वास गमावतो.

दुसरे, खर्चाचा हिशेब पालकासमवेत मांडावा. फीबरोबर गाडीभाडे, गणवेश, पुस्तके व पुढे शिकवणी, असा वर्षाचा आकडा एकदा कागदावर यावा. सहा वर्षांच्या मुलाचा प्रवासात जाणारा वेळही त्यात धरावा. अनेक घरांत हा खर्च एकाच मुलाला पुरतो; मग मुलगा गाडीने जातो व मुलगी गावच्या शाळेत राहते. त्या मुलीला आपली शाळा दुय्यम वाटू नये, हे शिक्षकाच्या हाती आहे.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे, शिकणे पालकाच्या डोळ्यांपुढे आणावे. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाने आपल्या आईवडिलांपुढे न वाचलेला परिच्छेद वाचावा, त्यातील गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी, बाजाराचा हिशेब तोंडी करून दाखवावा. अक्षरे न येणाऱ्या आईलाही मूल अडखळते की सरळ वाचते, हे कानाने कळते. मूल मागे असेल तर तेही सांगावे, आणि पुढील महिन्यात काय करणार हेही सांगावे.

प्रवेशानंतरचा पालक

मुलाचे नाव घातले म्हणजे आपले काम संपले, अशी समजूत दोन्ही प्रकारच्या शाळांच्या पालकांत आढळते. अशिक्षित पालक तर आपल्याला काही येतच नाही असे मानून मागे राहतो. त्याला जमतील अशी कामे शिक्षकाने नेमून द्यावीत. मुलाला रोज वेळेवर धाडणे, संध्याकाळी दिव्याखाली थोडी जागा व अर्धा तास शांतता देणे, आज काय शिकलास, असे विचारून ऐकून घेणे, एस. टी. चे तिकीट, औषधाची बाटली, खताची गोणी मुलाकडून वाचून घेणे. धान्य मोजताना व वाण्याचे पैसे देताना हिशेब त्याला करू देणे. या कामांना अक्षरज्ञान लागत नाही, आस्था लागते. महाराष्ट्रात 2022 पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमात मातांचे गट करण्यात आले, त्यामागील विचारही हाच आहे.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे. तेथे उपदेश पुरत नाही. मूल आजीआजोबांजवळ राहू शकेल काय, हंगामी वसतिगृहाची सोय होईल काय, हे कुटुंब निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे कार्य आरंभिले, तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना त्यातून निघाली. पालक येत नसेल तर शिक्षकाने त्याच्या अंगणात जावे, हा त्यातील धडा आजही ताजा आहे.

शाळा व्यवस्थापन समिती

कायद्याने या समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असावे असे ठरविले आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ही तिची कामे होत. परंतु सभा न भरविता नोंदवही घरोघर फिरवून सह्या व अंगठे घेतले, तर कायदा कागदावरच राहतो. सभा मजुरांच्या सोयीच्या वेळी, शक्यतो संध्याकाळी घ्यावी; पेरणी-सुगीचे दिवस टाळावेत. इतिवृत्त सर्वांना वाचून दाखवावे. पहिला विषय भिंतीच्या रंगाचा न ठेवता मुलांच्या वाचनाचा ठेवावा. आलेला रुपया कोठे खर्च झाला हे ज्या पालकाला कळते, तो शाळेला आपली म्हणू लागतो.

या सर्व खटपटीचे कारण एका लहानशा हिशेबात आहे. कायद्याच्या परिशिष्टानुसार 60 पर्यंतच्या पटास दोन व 61 ते 90 पटास तीन शिक्षक असतात. 63 पटाच्या शाळेतून चार मुले गेली, की या प्रमाणाने तिसऱ्या शिक्षकाची जागा जाते. वर्ग जोडावे लागतात, आणि ते पाहून आणखी चार पालक मुले काढतात. अखेर शाळेत ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही तीच मुले उरतात. चार घरांची निवड अशा रीतीने साऱ्या गावाची निवड होते. म्हणून गावच्या शाळेने पालकाला बांधून ठेवण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही शाळा पारखून पाहिल्यावरही तो आपण होऊन येथेच थांबेल, असे अध्यापन वर्गात व्हावे आणि ते त्याच्या दृष्टीस पडावे.