राखणीच्या पिलाची कुरतडण्याची खोड

शेतावर अथवा वस्तीवर राखणीसाठी आणलेले कुत्र्याचे पिलू तीन-चार महिन्यांचे झाले की हाती लागेल ती वस्तू कुरतडू लागते. वहाणा, केरसुणी, दावी, पोती, ठिबक संचाच्या नळ्या, काहीही त्याच्या तावडीतून सुटत नाही. अशा वेळी पिलास मार देणे किंवा गावाबाहेर नेऊन सोडणे, असे दोन उपाय पुष्कळदा योजले जातात. पहिल्याने खोड जात नाही. दुसऱ्याने मोकाट कुत्र्यांत भर पडते. वास्तविक कारण समजून घेतल्यास व नेटाने वळण लावल्यास ही खोड मोडता येते.

खोडीची कारणे

पिलास २८ दुधाचे दात असतात. सुमारे चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात व सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चावल्याने पिलास आराम वाटतो. दिवसभर साखळीस बांधलेले पिलू कंटाळूनही कुरतडते. वहाणेस धन्याच्या अंगाचा वास असल्याने ती त्यास विशेष प्रिय असते.

वळण लावण्याची रीत

प्रथम, मोलाच्या व धोक्याच्या वस्तू पिलाच्या तोंडास लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवाव्यात. नंतर चावण्याजोगी वस्तू त्यास द्यावी. जाड कच्चे गाजर किंवा थंड पाण्यात भिजवून गाठ मारलेले जाड कापड चालते. मात्र कापडाचे तुकडे निघू लागताच ते काढून घ्यावे. फाटकी वहाण खेळावयास कधीही देऊ नये. जुनी कोणती व नवी कोणती, हा भेद पिलास कळत नाही.

पिलाने नको ती वस्तू धरल्यास ओढाताण करू नये; तो त्यास खेळच वाटतो. भाकरीचा तुकडा पुढे करून ‘सोड’ म्हणावे. वस्तू सोडताच तुकडा द्यावा, शाबासकी द्यावी व चावण्याची वस्तू पुढे ठेवावी. घरातील सर्वांनी हाच एक शब्द वापरावा. नुकसान होऊन गेल्यावर शिक्षा करणे व्यर्थ होय. मार कशाबद्दल बसला हे पिलास उमगत नाही. ते केवळ धन्यास भिऊ लागते. सकाळ-सायंकाळ त्यास मोकळे फिरवावे व वेळेवर पोटभर खाऊ घालावे.

जिवावरचे धोके

दाणे काढलेले मक्याचे कणीस व आंब्याची कोय गिळल्यास आतड्यात अडकून पिलू दगावू शकते. शिजविलेली हाडे फुटून त्यांच्या अणकुचीदार कपच्या घशात अथवा पोटात रुततात. औषध लावलेले बियाणे, उंदरांचे विष व कीटकनाशकांचे रिकामे डबे कुलपात ठेवावेत. पंपाची वायर पिलाने तोंडात धरल्यास त्यास हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा.

पिसाळ रोगाविषयी सावधगिरी

पिलाचे वय तीन महिने होताच त्यास पिसाळ रोगाची प्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात. पिलू एकाएकी दगड, माती, लाकूड यांस चावू लागले, लाळ गाळू लागले किंवा त्याचा आवाज बदलला, तर ती दाताची खोड समजू नये. त्याच्या तोंडात हात न घालता पशुवैद्यकास त्वरित कळवावे. खेळताना पिलाचा दात लागून कातडी फाटल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. जखमेवर हळद अथवा चुना लावून थांबू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लसीकरणाच्या दिवशी या गोष्टी मुलांनाही समजावून सांगाव्यात. कारण पिलाशी सर्वांत अधिक खेळतात ती मुलेच, आणि लहानसा ओरखडा घरी लपवितात तीही तीच.