निखाऱ्याची अदृश्य वीज

पेठ तालुक्यात नागलीची भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यांसमोर टेकवली की फुगते. तिला भाजणारे बहुतेक किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते अवरक्त असतात. त्यांपासूनही वीज करता येते. पण किरणांची वीज करणारा प्रकाशविद्युत घट चोखंदळ! ठरावीक तरंगलांबीपलीकडचे किरण त्याला पचत नाहीत. म्हणून टंगस्टनसारख्या धातूवर केसाहून कितीतरी बारीक खळग्यांची जाळी कोरतात. तापल्यावर असा पृष्ठभाग घटाला मानवणारेच किरण जास्त सोडतो. दुसरी युक्ती घटामागच्या आरशाची: नकोसे किरण तो उगमाकडे परत धाडतो. २०२२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी आरशाच्या युक्तीने ४० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठली. त्यासाठी उगम मात्र १९०० ते २४०० अंश सेल्सिअस तापलेला हवा. चुलीची धग तिथवर पोचत नाही. तिच्यावर भाकरीच बरी!